कॅरिबियनमधील डायव्हिंगचा हंगाम आणि वाऱ्याची बाजू

अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा धरला जातो. कॅरिबियन समुद्रात स्कूबा डायव्हिंगला जाण्याचा बेत बहुतेक जण याच दोन तारखा समोर ठेवून आखतात. हंगाम संपला की जायचे, सुरू होण्याआधी परतायचे. हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. डायव्हरची गाठ चक्रीवादळाशी क्वचितच पडते. त्याचे दिवस खातो तो साधा वारा, किनाऱ्याच्या नको त्या बाजूने सुटलेला. प्रस्तुत लेखिकेने या समुद्रात दोन सहली केल्या, एक जानेवारीत मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर आणि दुसरी सप्टेंबरमध्ये बोनेअरवर. तारखा पाहिल्या तर पहिली निर्धोक आणि दुसरी वेडेपणाची. प्रत्यक्षात पाण्याबाहेर बसून काढलेले दिवस पहिल्या सहलीत जास्त होते.

कोकणात डायव्हिंग शिकलेल्या माणसाचा या बाबतीत हमखास गोंधळ होतो. तारकर्ली-मालवणचा हंगाम सरळ आहे. पावसाळ्यात दर्या खवळलेला, जलक्रीडा बंद. पाऊस सरला, पाणी निवळले की पुन्हा सुरू. तिथे महिना सांगितला की समुद्र कळतो, कारण किनारा एकाच दिशेला तोंड करून आहे आणि पावसाळी वाराही त्याच बाजूने येतो. बेटाला मात्र चारी बाजूंनी किनारा असतो. एकाच दिवशी एका अंगाला पाणी उसळत असते आणि दुसऱ्या अंगाला तळ्यासारखे पडून असते. त्यामुळे कॅरिबियनमध्ये ‘कोणता महिना?’ या प्रश्नाला ‘कोणते बेट आणि त्याची कोणती बाजू?’ ही पुस्ती जोडावीच लागते.

आधी वादळांविषयी. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 26.5 अंश सेल्सियसच्या वर गेले की चक्रीवादळाला लागणारी ऊर्जा मिळते. हंगामातल्या बड्या वादळांपैकी बरीच आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेल्या हवेच्या लहरींतून जन्मतात आणि अटलांटिक ओलांडून येतात. 1991 ते 2020 या काळाच्या सरासरीप्रमाणे वर्षाला नाव दिलेली 14 वादळे होतात. त्यांतली 7 हरिकेनच्या, म्हणजे ताशी 119 किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाच्या पातळीला पोचतात आणि 3 तीव्र ठरतात. एल निनोच्या वर्षी वरच्या थरातले वारे वादळांची घडी विस्कटतात, म्हणून संख्या सहसा घटते. परंतु सरासरीवर सुट्टी ठरवता येत नाही. बेटाला उद्ध्वस्त करायला एक वादळ पुरते.

हे सहा महिने सारखेही नसतात. जून-जुलै तुलनेने शांत, ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जोर, आणि 10 सप्टेंबरच्या आसपास शिखर. या ऐन दिवसांत पूर्वेकडची बेटे वादळांच्या वाटेत आधी येतात. ऑक्टोबर उजाडला की धोक्याचे केंद्र पश्चिम कॅरिबियनकडे सरकते, कारण तिथले पाणी अजून कढत असते आणि वादळे तिथल्या तिथे तयार होतात. 1998 च्या ऑक्टोबरअखेरीस मिच होंडुरासच्या बेटांवर आले. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये विल्मा कोझुमेलवर जणू मुक्कामालाच थांबले आणि तिथले उथळ प्रवाळ त्याने मोडून टाकले. 28 ऑक्टोबर 2025 रोजी मेलिसा जमैकाच्या किनाऱ्यावर धडकले. तेव्हा ‘सप्टेंबर टाळला, आता ऑक्टोबरला हरकत नाही’ हा तर्क पूर्वेकडे काहीसा चालतो, पश्चिमेकडे नाही.

या सगळ्यातून सुटलेली म्हणून तीन बेटे सांगितली जातात: अरुबा, बोनेअर आणि कुरासाव. सुमारे 12 अंश उत्तर अक्षांशावर, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ ती आहेत आणि वादळांचा नेहमीचा मार्ग त्यांच्या बराच उत्तरेने जातो. म्हणून त्यांना ‘वादळपट्ट्याबाहेरची’ म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण तो विम्याच्या कागदासारखा वाचू नये. ग्रेनेडाही जवळपास त्याच अक्षांशावर आहे. 2004 च्या सप्टेंबरमध्ये आयव्हनने ते झोडपले, आणि 1 जुलै 2024 रोजी बेरिलने ग्रेनेडाच्याच कॅरिआकू बेटावर धडक दिली, तीही हंगाम नुकता सुरू झालेला असताना. बोनेअरला स्वतःचा धडा 1999 च्या नोव्हेंबरमध्ये मिळाला. लेनी हे वादळ नेहमीच्या रिवाजाविरुद्ध पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले. ते बोनेअरपासून शेकडो किलोमीटर उत्तरेने गेले, बेटावर वारा फारसा नव्हता. पण त्याने उठवलेल्या लाटा पश्चिम किनाऱ्यावर आदळल्या आणि उथळ पाण्यातले प्रवाळ तुटले. पश्चिम किनारा का, याचे उत्तर वाऱ्यात आहे.

कॅरिबियनवर वर्षाचा बहुतेक काळ पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. शाळेच्या भूगोलात सह्याद्रीच्या निमित्ताने वाताभिमुख आणि वातविन्मुख बाजू शिकवतात; इथे तोच धडा पाण्यासाठी वाचायचा. बेटाच्या पूर्व अंगावर लाटा फुटतात, पश्चिम अंग आडोशाला राहते. म्हणून डायव्हिंगची दुकाने, धक्के, नांगर टाकण्याच्या जागा आणि नाजूक प्रवाळ, सगळे पश्चिमेला. बोनेअरची सारी कीर्ती या एका आडोशावर उभी आहे. डिसेंबरअखेरीस आणि जानेवारीत हे वारे आणखी चढतात. पूर्वेकडच्या बेटांवर त्यांना नाताळचे वारे म्हणतात, आणि त्या दिवसांत आडोसा सोडून बेटाला वळसा घालणाऱ्या बोटीतून जाणे म्हणजे पोटाची परीक्षा.

कोझुमेलचे जानेवारीतले गणित वेगळे आहे, आणि ते लेखिकेला तिथे पोचल्यावर कळले. उत्तर अमेरिकेतून थंड हवेची आघाडी मेक्सिकोच्या आखातावर उतरते आणि युकातानपर्यंत येते. वारा पूर्वेचा उत्तरेला फिरतो. याला तिथे ‘नोर्ते’ म्हणतात, अर्थ नुसता ‘उत्तर’. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात अशा आघाड्या येत राहतात आणि एकेक दोन-तीन दिवस टिकते. कोझुमेलच्या डायव्हिंगच्या जागा पश्चिमेला आहेत आणि तिथे सारे काही लहान बोटींवर चालते. उत्तरेचा वारा बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या पाण्यात घुसला की बंदर कप्तान लहान बोटींना बंदर बंद करतो.

तिसऱ्या सकाळी धक्क्यावर टँक रांगेत उभे होते, बोटी दोरखंडांवर आचके खात होत्या आणि डायव्हमास्टर फोन कानाला लावून नुसती मान हलवत होता. ऊन होते. आकाशात ढग नव्हता. समुद्र बंद आहे हे पटायला जड गेले. खाली वीस मीटरवर बहुधा काही जाणवले नसते. अडचण वर येताना असते. वर-खाली आपटणाऱ्या बोटीची शिडी पकडायची, पाठीवर टँक, आणि प्रवाह तुम्हाला उत्तरेकडे ओढतो आहे. दोन दिवस बंदर बंद राहिले. पैसे आधी भरलेले होते आणि दुकानाच्या अटींत ‘बंदर बंद’ हा शब्द कुठेच नव्हता, त्यामुळे एका दिवसाचेच परत मिळाले. चूक वाऱ्याची नव्हती. चार दिवसांच्या सहलीत चारही दिवस डायव्हिंगला धरणे ही खरी चूक. नोर्तेच्या महिन्यांत कोझुमेलला जायचे तर आठवडा काढून जावे, नाहीतर एप्रिल-मे गाठावा.

थंड आघाड्यांचा त्रास ग्रँड केमनलाही पोचतो. तिथला प्रसिद्ध सेव्हन माइल बीच पश्चिमेला आहे. वायव्येचा वारा सुटला की त्या बाजूच्या बोटी दक्षिणेकडे हलवतात आणि सहल चालू राहते. बेटाची एक बाजू बंद पडली तर दुसरीकडे नेण्याची सोय आहे का, हा प्रश्न दुकानाला आरक्षणाआधीच विचारण्यासारखा आहे. होंडुरासच्या रोआतानला पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो. इतरत्र कोरडा मोसम सुरू होत असताना तिथे ओढे वाहत असतात. बेलिझला मार्च ते जून या काळात पौर्णिमेच्या आगेमागे जाणारे लोक व्हेल शार्कसाठी जातात. ग्लॅडन स्पिट या जागी त्या दिवसांत स्नॅपर मासे अंडी घालायला जमतात आणि ती खायला व्हेल शार्क येतात. नावात व्हेल असला तरी तो मासाच.

पाण्याचे तापमान हा त्या मानाने किरकोळ विषय. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुमारे 26 अंश, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 29 च्या आसपास. तीन मिलिमीटरचा वेटसूट बहुतेकांना पुरतो; पण दिवसाला तीन डायव्ह करणाऱ्याला जानेवारीत तिसऱ्या डायव्हच्या शेवटी, सेफ्टी स्टॉपच्या तीन मिनिटांत, दात वाजायला लागतात. ऊब माणसाला बरी वाटते, प्रवाळाला नाही. 2023 मध्ये पाणी इतके तापले की या समुद्रातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. शरद ऋतूत जाणाऱ्याने रंग फिके दिसण्याची तयारी ठेवावी. 2011 पासून सरगॅसम या तरंगत्या शेवाळाचे लोंढेही वसंत-उन्हाळ्यात येऊ लागले आहेत. ते वाऱ्यासमोरच्या किनाऱ्यांवर साचून कुजतात. म्हणजे इथेही बाजूचाच प्रश्न.

बोनेअरची सप्टेंबरची सहल या सगळ्या शिकवणीनंतर आखलेली होती. तिथे बोटीवर अवलंबून राहावे लागत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेला दगड दिसतो, त्यावर जागेचे नाव. पिकअप थांबवायची, मागच्या टँकला रेग्युलेटर जोडायचा आणि मोडक्या प्रवाळाच्या गोट्यांवरून, एकमेकांचा हात धरून, पाण्यात उतरायचे. किनाऱ्यापासून 60 मीटर खोलीपर्यंतचा सारा समुद्र 1979 पासून राखीव आहे. गाडीत मौल्यवान काही ठेवायचे नाही, काचा उघड्याच ठेवायच्या, ही सूचना सगळेच देतात. चोराने काच फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

पहिले चार दिवस पाणी काचेसारखे होते. सप्टेंबरात व्यापारी वारा पडतो. त्याचा फायदा समुद्राला आणि तोटा माणसाला: दुपारी अंगाची काहिली होते आणि एरवी वाऱ्याने उडून जाणारे डास पायांना लागतात. पाचव्या दिवशी वारा पश्चिमेकडून आला. दूर उत्तरेला एखादे वादळ असले की असे कधी कधी होते. आडोशाची बाजू काही तासांपुरती वाऱ्यासमोरची होते. गुडघाभर पाण्यात फिन्स घालताना लाटेने दोनदा खाली बसवले तेव्हा त्या दिवसाचा नाद सोडला. दुसऱ्या सकाळी पुन्हा शांत. सबंध आठवड्यात गेलेला दिवस एवढाच.

हुकले ते वेगळेच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पौर्णिमेनंतर साधारण आठवडाभराने, रात्री प्रवाळांच्या काही जाती एकाच वेळी बीजांचे गुलाबी मणी पाण्यात सोडतात. वाऱ्याचे तक्ते पाठ करून गेलेल्या लेखिकेने चंद्र पाहिलाच नाही, घरात कालनिर्णय टांगलेले असूनही. परतीचे विमान त्या रात्रींच्या दोन दिवस आधीचे होते.

हंगामात जाणे स्वस्त पडते, म्हणून वाचलेल्या पैशातला काही भाग विम्याला द्यावा. वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी सहसा उपयोगी पडत नाही. तो आरक्षणाबरोबरच घ्यावा, आणि डायव्हिंगच्या अपघाताचा विमा वेगळा. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा सात दिवसांचा अंदाज रोज पाहावा. बेट वादळापासून दूर असले तरी वाटेतले विमानतळ दूर नसतात. अमेरिकेतून जाणाऱ्याला बहुधा मायामी, अटलांटा किंवा ह्यूस्टन लागते, आणि त्यांतले मायामी व ह्यूस्टन स्वतःच वादळांच्या टप्प्यात आहेत. मुंबईहून ॲमस्टरडॅममार्गे जाणारा लांबचा रस्ता या बाबतीत बरा.

शेवटचा दिवस कोणत्याही महिन्यात कोरडाच ठेवावा लागतो. अनेक दिवस डायव्ह केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास जाऊ द्यावेत असा संकेत आहे, आणि बहुतेक जण 24 धरतात. बोनेअरवर तो दिवस घालवायला दक्षिण टोक आहे. तिथे मिठागरांतले पाणी गुलाबी दिसते आणि त्यापलीकडे रोहित पक्ष्यांची राखीव जागा आहे. आत जायला मनाई आहे. रस्त्यावरून दिसतात, दुर्बीण न्यावी.