विकायच्या गाडीतला पिवळा दिवा

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही आमची गाडी विकायला काढली. नऊ वर्षे वापरलेली छोटी गाडी. करंजाडेतून शाळा, पनवेलचा बाजार आणि महिन्या-दोन महिन्यांनी गावी म्हसळ्याला, एवढीच तिची धाव. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. उलव्याचा एक तरुण गाडी पाहून गेला. घरी बायको आणि दोन लहान मुले. भाव ठरला, त्याने विसारही दिला.

पुढच्याच रविवारी गावाहून माणगाव, पेण करत परत येताना कर्नाळ्याच्या वळणांवर डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला. ब्रेक मात्र नेहमीसारखे लागत होते. घरी आल्यावर गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. दिवा विझला, पण सेक्टरच्या कोपऱ्यावर वळताच पुन्हा पेटला.

हा दिवा का असतो, ते आम्हाला तेव्हाच नीट कळले. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचे थांबते आणि गाडी घसरत जाते. स्टिअरिंग फिरवले तरी ती वळत नाही. म्हणून प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. एखादे चाक थांबू लागले की एबीएस त्याचा ब्रेक क्षणभर सोडते आणि पुन्हा लावते, एका सेकंदात कितीतरी वेळा. एका चाकाची जरी खबर येईनाशी झाली, तरी एबीएस स्वतःला बंद करून घेते आणि दिवा लावते. साधे ब्रेक चालू राहतात, म्हणून लोक दिव्याकडे दुर्लक्ष करतात. 2019 च्या एप्रिलपासून आपल्या देशात सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, ते उगाच नाही.

सर्व्हिस सेंटरने सेन्सर बदलण्याचा खर्च सांगितला 7,500 रुपये. जुन्या गाड्यांच्या धंद्यातले एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "कशाला एवढे पैसे घालता? गाडी तर विकायचीच आहे. मी हा दिवा ऑइलच्या दिव्याला जोडून देतो. चावी फिरवली की पेटेल, इंजिन सुरू झाले की विझेल. घेणाऱ्याला कळणारही नाही."

आम्ही लगेच नाही म्हणालो, असे लिहिले तर ते खोटे होईल. त्या रात्री इशाच्या नमाजनंतर आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो. ब्रेक तर लागतात, सगळेच असे करतात, फी तोंडावर आली आहे. सगळी कारणे मांडून झाली. मग मुलांचे अब्बू म्हणाले, "त्याची मुलं मागच्या सीटवर बसणार ना?" त्यापुढे बोलण्यासारखे काही उरले नाही.

दुसऱ्या दिवशी पनवेलच्या एका वायरिंगवाल्या चाचांकडे गाडी नेली. त्यांनी स्कॅनर लावला. पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या सर्किटचा कोड आला. चाचा म्हणाले, "कोड म्हणजे सेन्सर गेला असं नाही. खबर पोचत नाही, एवढंच तो सांगतो. सांगणारा मुका झाला की वाट तुटली, ते आपण बघायचं."

आधी त्यांनी गाडी हळू चालवायला लावली आणि स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहिले. सरळ रस्त्यावर चारही सारखे होते. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवले की एकाचा आकडा शून्यावर जाई. "सेन्सर मेला असता तर सरळ रस्त्यावरही बोलला नसता," चाचा म्हणाले. मग जॅक लावून, चाक काढून हब हाताने फिरवायला सांगितला आणि ते स्वतः वायर बोटभर-बोटभर हलवत गेले. एका जागी आकडा गायब झाला.

नंतर दोन्ही टोकांचे कपलर सोडवून फक्त वायरला मीटर लावला. वायर सरळ असली की मीटर वाजे, वाकवली की गप्प होई. सेन्सरला मात्र त्यांनी मीटर लावला नाही. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि तारेचे वेटोळे असते, त्याचा रोध मोजता येतो. नव्यांत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, तिथे रोध मोजून काही कळत नाही.

वायर वरून साधी घासलेली दिसत होती. रबर सोलले तेव्हा आत तांबे हिरवे पडलेले आणि दोन-तीनच तंतू शिल्लक. कारणही तिथेच सापडले. मागे कुठेतरी शॉकअपचे काम झाले तेव्हा वायर धरून ठेवणारी क्लिप परत बसवलीच नव्हती. लोंबणारी वायर प्रत्येक वळणावर टायरला घासत होती.

चाचांनी खराब तुकडा कापून नवी जोडवायर घातली, मूळच्यासारखीच पीळ दिलेली. जोड वाकणाऱ्या जागी येऊ दिले नाहीत, दोन्ही तारांचे जोड पुढेमागे ठेवले, सोल्डर करून त्यांवर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवली. नवी क्लिप बसवली, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर ताणत वा घासत नाही ना ते पाहिले. कोड पुसून रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला, तेव्हा पेडल पायाखाली थरथरले. एबीएस जागे झाले होते. मजुरी 900 रुपये. निघताना म्हणाले, "जोड आहे, हे सांगून विका."

आम्ही तसेच केले. कोणत्या चाकाची वायर, कधी आणि काय काम झाले, सगळे कागदावर लिहून त्या तरुणाच्या हाती दिले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मग 4,000 कमी करा." आम्ही केले.

मुलगी रागावली. "दुरुस्त झाली होती ना, मग सांगितलं कशाला?" आम्ही तिला मदीनेच्या बाजारातला तो प्रसंग सांगितला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. भिजणे हा त्याचा गुन्हा नव्हता. ओले खाली ठेवून कोरडे वर दाखवणे, ही फसवणूक होती.

4,000 रुपये आम्हाला जड गेले, हे खरे. फीचा एक हप्ता पुढे ढकलावा लागला. पण आता पाऊस जोरात कोसळू लागला आणि ती गाडी, ती दोन मुले आठवली, की मनात भीती येत नाही. अल्हम्दुलिल्लाह.