पोत्यांवरचा देव

लासूर स्टेशनच्या बाजारात एका आडत दुकानाच्या गल्ल्यावर, लक्ष्मीच्या तसबिरीखाली, चिनीमातीचा लाफिंग बुद्धा बसलाय. उघडं पोट, हातात झोळी. मागे छताला भिडलेली पोती. लोक बुद्ध म्हणतात, पण हा दहाव्या शतकाच्या आरंभी वारलेला एक चिनी भिक्षू. जपानने त्याला होतेई नावाने आपल्या सात भाग्यदेवतांत घेतलं.

त्या सातांत मला दाइकोकू सर्वांत जवळचा. त्याच्या भाजलेल्या मातीच्या जुन्या जपानी मूर्ती पाहाव्यात: कुतानीच्या सोनेरी नक्षीच्या, बिझेनच्या बिनझिलईच्या, तपकिरी. मला बिझेनच्या अधिक आवडतात. त्यांत भट्टीची आच दिसते. तांदळाच्या दोन पोत्यांवर तो उभा, हातात लाकडी हातोडा, खांद्यावर झोळी, कधी पायाशी उंदीर. हा मूळचा आपला महाकाल. शेजारी बिवा हे तंतुवाद्य वाजवणारी सरस्वती, चिलखत घातलेला कुबेर. मासा धरलेला एबिसू तेवढा अस्सल जपानी.

महाकाल धान्याच्या पोत्यांवर कसा चढला? सातव्या शतकात इत्सिंग हा चिनी भिक्षू भारतात आला होता. त्याने लिहून ठेवलंय की इथल्या विहारांत स्वयंपाकघराच्या खांबाजवळ महाकालाची लाकडी मूर्ती असे. हातात थैली, एक पाय खाली सोडलेला, तेल लावून लावून काळी पडलेली. कुशीनगरच्या विहारात एकदा ऐन दुपारी पाचशे भिक्षू अचानक आले. जेवण रोजच्या शंभरांचंच. आचारी हवालदिल. तेव्हा एका सेवकाची म्हातारी आई पुढे झाली. तिने मूर्तीपुढे धूप लावला, नैवेद्य मांडला, आलेल्यांना कमी पडू देऊ नको म्हणून विनवलं आणि पंगत बसवली. सगळे जेवले, वर अन्न उरलं. या गोष्टीतली ती म्हातारी मला देवाहून मोठी वाटते. पाहुणे दारात आले की आमच्या घरातल्या बायकाही आधी देवापुढे हात जोडत, मग पिठात हात घालत.

इत्सिंगने हारिती या यक्षिणीचाही उल्लेख केलाय: कडेवर मूल घेतलेली, भोजनशाळेच्या कोपऱ्यात. तिचा नवरा पांचिक, धनाचा राखणदार.

अजिंठ्याला गेलात तर पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून घाईने पुढे जाऊ नका. दुसऱ्या लेण्यात, मुख्य गाभाऱ्याच्या उजवीकडच्या छोट्या गाभाऱ्यात, हे जोडपं शेजारी शेजारी बसलंय. तिथे जरा थांबा.