वाण सोलापूरचं

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या कॉलनीत वाणावर किती पैसा जातो, याचा हिशोब कुणी मांडत नाही. मी मांडला. बँकेत उभी हयात गेलेल्या बाईची ती खोड असते. तीस घरं, घरटी पन्नासेक बायका, वाण साधारण वीस रुपयांचं. म्हणजे तीस हजार रुपये. आणि एवढ्या रकमेचं आम्ही घेतो काय, तर प्लॅस्टिकच्या डब्या, चाळण्या, कंगवे, मोबाइल टेकवायचे स्टँड. त्यातली एखादी डबी फिरतफिरत दोन वर्षांनी आपल्याच घरी येते आणि झाकणावरच्या ओरखड्यावरून ओळखू येते.

हा हिशोब मी भिशीत वाचून दाखवला, तेव्हा बायका आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या. त्याच सुमाराला सोसायटीच्या कमिटीत ‘स्थानिक उद्योजकांना प्रोत्साहन’ असा एक उपक्रम घाटत होता. सेक्रेटरी काकांनी बॅनरचा मजकूर तयार ठेवला होता. विकायला कोण येणार, ते मात्र अजून ठरायचं होतं. प्रायोजक म्हणून एक स्कूटरचं शोरूम आणि एक विमा एजंट यांची नावं पुढं आली होती. आम्ही बायकांनी सांगितलं, की बाजार संक्रांतीच्या आधीच्या रविवारी भरवा, जागेचं भाडं घेऊ नका, आणि जे सोलापुरात विणलं, शिवलं, कुटलं किंवा थापलं जातं तेवढंच टेबलावर येऊ द्या. वाणाचे तीस हजार आमचे. काकांनी बॅनर तोच ठेवला, पण स्कूटर गेली.

विक्रेते शोधायचं काम माझ्याकडे आलं, त्याचं कारणही बँकच. सोलापुरात राहून सोलापूर न बघितलेली माणसं आमच्या बाजूला पुष्कळ आहेत. विजापूर रोड, होटगी रोड, सात रस्ता, नवी पेठ यांतच त्यांचं गाव संपतं. अशोक चौकाच्या पुढं, साखर पेठ, दत्त नगर, विडी घरकुल या सगळ्याला ‘पूर्व भाग’ म्हणायचं आणि तिकडं काही काम नसतं असं धरून चालायचं. मला काम असायचं. यंत्रमागाच्या कर्जाच्या फाइली घेऊन मी तिथल्या गल्ल्यांत पुष्कळ हिंडले आहे. पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली पद्मशाली घरं, घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, मागच्या खोलीत किंवा खालच्या मजल्यावर माग. तपासणीला गेल्यावर मागांचे नंबर लिहून घ्यायचे आणि दिलेला चहा प्यायचा. त्या गल्ल्यांतून टॉवेल विकत घेऊन मात्र मी कधी आले नाही. आमच्यातलं कुणीच येत नसे. टॉवेल आपण मॉलमधून आणतो.

ओळखीचे एक अण्णा अजून टॉवेलचे माग चालवतात आणि दोन मागांवर चादरी काढतात. त्यांना फोन केला तर म्हणाले, “रविवारी? येतो की. पण तिकडं लोक चादर घेतात का?”

बाजाराच्या दिवशी उद्घाटनाला एका ज्येष्ठ रहिवाशांनी भाषण केलं. १९३० सालची सोलापूरची मार्शल लॉची हकिगत, परदेशी मालावरचा बहिष्कार, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे हे चौघं. या चौघांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्यांनाही ही नावं सलग सांगता येत नाहीत, तेव्हा ती ऐकायला मिळाली हे बरंच झालं. पण भाषणाचा रोख असा, की इथं खरेदी करणं हे देशकार्य आहे. मला ते पटत नाही. देशकार्य म्हणून माणूस एकदा चटणीचं पाकीट नेतो, वर्षभर नेत नाही. शिवाय अण्णांच्या पलीकडच्या गल्लीतले टॉवेल जहाजात बसून परदेशात जातात. स्वदेशीचं गणित तिथंही सरळ बसत नाही.

खाण्याचं टेबल तासाभरात रिकामं व्हायला लागलं. बाळीवेशीकडून आलेल्या मावशी शेंगाचटणी उखळात कुटतात, यंत्रावर नाही. शेंगदाणे भाजायचे, सालं पाखडायची, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं. त्यांची चटणी चिमटीत धरली की गोळा होते. ‘भुरभुर करते ती मिक्सरची,’ एवढंच त्या सांगायच्या आणि बाकीचं गिऱ्हाइकाच्या जिभेवर सोडायच्या. शेजारी कडक भाकऱ्यांची चळत होती, ज्वारीची, पापडासारखी पातळ. एका पुणेकर जावयांनी ती कशी मोडायची ते विचारलं. सासूबाईंनी मूठ मारून दाखवली.

चादरीच्या टेबलावर मात्र लोक यायचे, हात फिरवायचे, भाव विचारायचे आणि “हं” म्हणून पुढं सरकायचे. सोलापूरकराला चादर ही घेण्याची वस्तू वाटतच नाही. ती सत्कारात मिळते किंवा पाहुण्याला देतात. एक गृहस्थ थांबले आणि म्हणाले, “मागच्या महिन्यात मी सोलापुरी चादर याच्या निम्म्या भावात घेतली.” अण्णांनी वाद घातला नाही. “घर जवळ आहे ना साहेब? आणा की, बघू.”

ते घेऊन आले. चादरीवर ‘सोलापूर’ विणलेलंही होतं. अण्णांनी तिच्या दशीतला एक दोरा ओढला, आपल्या चादरीचा एक ओढला, आणि शेजारच्या चहावाल्याकडची काडेपेटी मागितली. आपला दोरा पेटवला. तो कागद जळल्यासारखा वास देत जळाला आणि बोटांत सहज चुरणारी राखाडी राख झाली. मग साहेबांचा. त्याचं टोक आक्रसलं, काळा थेंब झाला, आणि गार झाल्यावर मण्यासारखा घट्ट राहिला. अण्णांनी तो मणी साहेबांच्या तळहातावर ठेवला. “हे प्लॅस्टिक आहे साहेब. पानिपतकडनं असला लय माल येतो. वाईट आहे असं नाही म्हणत. गरम राहतं. पण ही सोलापुरी नाही.” मग त्यांनी आपली चादर उलटी करून दाखवली. नक्षी तीच, रंग अदलाबदल झालेले. एका बाजूला मोर हिरवा, दुसऱ्या बाजूला भोवतालची जागा हिरवी.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना २००५-०६ सालीच भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या कागदाची ताकद मी कमी लेखत नाही, पण त्या दुपारी आमच्या कॉलनीत जो निकाल लागला तो काडेपेटीनं लागला. त्यानंतर टेबलाभोवती घोळका झाला. दोरे जाळून बघायला घराघरांतून चादरी आल्या. मुलांना तर तो खेळच झाला, शेवटी काडेपेटी काढून घ्यावी लागली. चादरी किती खपल्या? फार नाही. पण वाणाची बोलणी तिथंच सुरू झाली.

बायकांना हात पुसायचे छोटे नॅपकिन हवे होते. अण्णा बोलायचे डझनात आणि वजनात, आम्ही बोलायचो नगात आणि रंगात. संक्रांत म्हणून काहीजणींनी काळे मागितले. अण्णा हसले. “काळा टॉवेल सलूनवाले मागतात अक्का. आता हळदीकुंकवाला पण?” भाव एका नगाला अठरा रुपयांवर तुटला, तोही सगळ्यांनी मिळून एकत्र ऑर्डर दिली तर. वीस रुपयांच्या डबीचं बजेट होतंच; कुणाला जास्तीचा एक पैसा काढावा लागला नाही. मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. लोकांना मदतीसाठी वेगळा खर्च करायला सांगितलं की ते खिसा चाचपतात. जो खर्च होणारच आहे, तो फक्त दुसऱ्या दारात न्यायला सांगितला तर फारसं कुणी नाही म्हणत नाही.

हे सोलापूरला खरं म्हणजे नवीन नाही. संक्रांतीच्याच आठवड्यात सिद्धेश्वराची यात्रा लागते, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरतो. आता गड्ड्यात पाळणे, क्रोकरी आणि बाहेरगावची खेळणी यांचीच गर्दी असते. पण यात्रेच्या कडेनं बघितलं तर जुनी व्यवस्था अजून दिसते. नंदीध्वजांबरोबर चालणाऱ्या हजारो मानकऱ्यांच्या आणि भक्तांच्या अंगावर पांढरी बाराबंदी असते. ती रेडिमेड घेणारे आता पुष्कळ आहेत, तरी जुन्या पेठांतले शिंपी डिसेंबरात दुसरं काम घेत नाहीत. त्यांना कुणी प्रोत्साहन देत नाही. रीत आहे, म्हणून कपडा लागतो आणि कपडा लागतो म्हणून शिंपी लागतो. होमाच्या रात्री वासराची भाकणूक होते, दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, गूळ, गाजर, बोरं ठेवतात आणि ते कशाला तोंड लावतं त्यावरून पुढच्या वर्षीच्या भावाचे अंदाज बांधतात. दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच गप्पा. माझा वासरावर विश्वास नाही. पण देवाच्या दारी बाजारभाव विचारणारं गाव मला आवडतं.

नॅपकिन आणायला आम्ही चौघी-पाचजणी रिक्षा करून अशोक चौकाच्या पुढं गेलो. अण्णांनी माल पोचवतो म्हटलं होतं. मीच नको म्हटलं. बरोबरच्या दोघी सोलापुरातच वाढलेल्या, आणि त्यांनी माग चालताना कधी बघितलेला नव्हता. गल्लीत शिरायच्या आधीच आवाज पायांना जाणवतो. आत गेल्यावर बोलणं बंद, हातवाऱ्यांवर काम. धोटा इकडून तिकडं जातो तो दिसत नाही, त्याचा ठोका तेवढा ऐकू येतो. वरून जकार्डाची पुठ्ठ्याची पानं भोकाभोकांनी सरकत खाली येतात, आणि कुठलं भोक कुठला दोरा उचलतं यावर मोराचं पीस ठरतं. कामगाराच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरं तूस बसलेलं. साठीच्या पुढचा माणूस एकाच वेळी दोन माग बघत होता. तुटलेला दोरा त्यानं न बघता, बोटांनीच शोधून जोडला.

बाहेर ओट्यावर चहा घेताना अण्णांनी सांगितलं, की शेजारच्या कारखान्यातले माग किलोच्या भावानं भंगारात गेले. त्यांचा स्वतःचा मुलगा हैदराबादला कॉम्प्युटरमध्ये आहे. सुताचे भाव, विजेचं बिल, आणि मजूर मिळत नाही हे तिन्ही त्यांनी एका दमात सांगितलं. आपल्या दीड हजार नॅपकिननं यातलं काही बदलणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण त्यांच्या बायकोनं आत नेऊन आम्हाला किरकोळ डागामुळं बाजूला काढलेले टॉवेल दाखवले, आणि बरोबरच्या दोघींनी तिथंच बसून निवडायला सुरुवात केली. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. येताना पिशव्या इतक्या झाल्या की एकीला पुढं बसावं लागलं.

त्या पिशव्याही बाजारातल्याच. कुंभारीच्या रे नगरातून आलेली एक बाई त्या शिवते. आधी ती विड्या वळायची, अजूनही वळते. पाठ दुखते म्हणून मधून मधून मशीनवर बसते. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्या वसाहतीतल्या घरांच्या चाव्या वाटल्या गेल्या, त्याची बातमी सगळ्यांनी वाचलेली. तिथून शहरात माल घेऊन यायला किती जातं, ते मात्र तिनं सांगितल्यावर कळलं. दिवसाची निम्मी कमाई जाण्यायेण्यात. ती आता शनिवारी एकदाच येते आणि आठवड्याच्या ऑर्डरी घेऊन जाते.

चटणीच्या मावशींची अडचण याच जातीची निघाली. बाजारानंतर कॉलनीतून फोन सुरू झाले, पाव किलो पाठवा, अर्धा किलो पाठवा. बाळीवेशीपासून आमच्याकडं जुळे सोलापूरला पाव किलो चटणी पोचवायची तर रिक्षाचं भाडं चटणीपेक्षा जास्त. “वैनी, तुमच्या लोकांचं प्रेम मला परवडंना,” असं त्या मला फोनवर म्हणाल्या.

मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे गेले. बाजारात त्यांनाही टेबल देऊ केलं होतं. रविवारी दुकान सोडून येत नाही म्हणाले, आणि त्या दिवशी आपल्या गल्ल्यावरून मांडवातली गर्दी बघत बसले होते. चटणीची पाकिटं ठेवाल का, असं विचारल्यावर त्यांनी पाकीट हातात घेतलं, दाबून बघितलं, वास घेतला.

“पाकिटामागं दहा रुपये.”

म्हटलं, “अहो, गरीब बाई आहे. स्थानिक उद्योगाला आपण प्रोत्साहन द्यायचं ना?”

“मग मी काय परदेशी कंपनी आहे का? लोक तांदूळ-तेल मोबाइलवर मागवतात आणि माझ्याकडं फक्त सुट्टे मागायला येतात. मला कोण देतंय प्रोत्साहन?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मावशींना दुकानातूनच फोन लावून दिला. दोघांचं कानडीत बोलणं झालं, बराच वेळ, मध्ये एकदा दोघं हसलेही. सात रुपयांवर तुटलं. दर सोमवारी नवा माल, न खपलेला परत, पैसे रोख. दुकानदारांनी पावाच्या ट्रेशेजारी जागा केली, आणि मला म्हणाले, “बायकांना सांगा, चटणी न्यायला येतील तेव्हा तेल पण इथनंच न्या म्हणावं.”