मशीद बंदरापासून सिसिलीपर्यंत

गिरगावातला माणूस प्रवासाला निघाला म्हणजे फार तर महाबळेश्वर, नाही तर कोकणातले आपले गाव. मी मात्र गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी ठाकुरद्वारहून निघून सिसिली बेटापर्यंत जाऊन आलो, आणि जेवायला घरी हजर होतो. वाचकांना ही थाप वाटेल. मलाही लहानपणी ती थापच वाटली होती, आणि तेच आज सांगायचे आहे.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक तात्या राहत. मूळचे रत्नागिरीकडचे, सत्तरीच्या घरातले, अंगाने काटक. संध्याकाळी ते गच्चीवर जात आणि हाताची बोटे किंचित फाकवून सूर्यासमोर धरीत. त्या फटींतून मावळतीकडे बराच वेळ पाहत राहत. आम्हां मुलांना ती सूर्योपासना वाटे. एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "उपासना कसली रे! विमान नेहमी सुर्व्याच्या आडून येतं. डोळे दिपतात तेवढ्यात डाव साधतं."

मग त्यांनी सिसिलीची हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात ते त्या वेळच्या हिंदी नौदलात, 'जमना' जहाजावर तोफेच्या कामाला होते. 10 जुलै 1943 ला इंग्रज, अमेरिकन आणि कॅनेडियन फौजा इटलीच्या सिसिली बेटावर उतरल्या. एवढी फौज उतरवायची कशी, हे त्यांनी आम्हांला कोकणच्या भाषेत समजावले. "वेंगुर्ल्याला बोट लांब उभी राहायची. उतारू पडावात उतरायचे, पोराबाळांसकट, ट्रंका डोक्यावर. पडाव हलतोय, बायका ओरडताहेत. तसंच तिथं. फक्त ट्रंकांच्या जागी बंदुका, आणि वरून बाँब."

पुढे मोठेपणी वाचले तेव्हा कळले की म्हाताऱ्याने चार वाक्यांत सारे युद्धशास्त्र सांगितले होते. समुद्रात चालते जहाज वळणे घेऊन बाँब चुकवू शकते. पण माणसे, रणगाडे, दारूगोळा उतरवणारे जहाज किनाऱ्याशी नांगर टाकून उभे असते. त्याला पळता येत नाही. त्याच्याभोवती राखणदार लागतात. लढाऊ विमाने शंभरेक किलोमीटरवरच्या माल्टाहून येत. पण ती सदासर्वकाळ डोक्यावर राहू शकत नसत, आणि शत्रू नेमका पहाटे, तिन्हीसांजेला, रात्री येई. त्या वेळी भार जहाजांवरच्या तोफांवर. 'जमना' आणि तिची बहीण 'सतलज' या स्कॉटलंडमध्ये बांधलेल्या लहान युद्धनौका. दोघींवर चार इंची सहा-सहा तोफा, आभाळाकडे तोंड करू शकणाऱ्या. विमाने वारायची आणि पाणबुड्यांवर नजर ठेवायची, हे त्यांचे काम.

पहिल्याच रात्री 'तलांबा' ही ब्रिटिश इंडिया कंपनीची रुग्णनौका विमानांनी बुडवली. रुग्णनौका म्हणून तिच्यावर दिवे लावलेले होते. सुदैवाने जखमींपैकी बहुतेक वाचले. या कंपनीच्या बोटी मुंबईकरांच्या ओळखीच्या. त्यांच्यावर राबणारे खलाशी आपलेच. दुसऱ्या रात्री तर मोठाच अनर्थ झाला. जेला गावाजवळ छत्रीधारी सैनिक घेऊन येणाऱ्या 144 अमेरिकन विमानांवर, हल्ल्यांनी हैराण झालेल्या अमेरिकन तोफांनी, जहाजांवरच्या आणि जमिनीवरच्याही, शत्रू समजून मारा केला. 23 विमाने पडली. तात्या म्हणत, "अंधारात आवाज ऐकायचा आणि ठरवायचं, आपला की परका. चुकलं तर दोन्हीकडून पाप."

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा, वर्गात पहिला येणारा, म्हणजे आगाऊ. शाळेतून युद्धावरचे एक पुस्तक आणले. त्यात सिसिली होती, पण हिंदी जहाजाचा उल्लेख नव्हता. ते पुस्तक घेऊन मी गच्चीवर गेलो आणि सगळ्या पोरांदेखत म्हणालो, "तात्या, ह्यात तुमचं जहाज कुठंच नाही."

तात्यांनी पुस्तक हातात घेतले, उलटसुलट केले, परत दिले. "पुस्तकात नसेल रे बाळा. मी होतो ना."

पोरे हसली. मीही हसलो. त्यानंतर तात्यांनी सिसिलीचे नाव काढले नाही. चारपाच वर्षांत ते वारले.

नोकरीला लागल्यावर दादरच्या एका ग्रंथालयात नौदलाच्या इतिहासाचा जाड ग्रंथ सहज चाळला आणि त्या पानावर थबकलो. सिसिलीच्या चढाईत 'सतलज' आणि 'जमना'. उभ्या उभ्या कानशिले तापली. क्षमा मागायला माणूस उरला नव्हता.

म्हणून परवाची ही पायपीट. काळबादेवी ओलांडून मशीद बंदरला गेलो. तिथल्या खलाशांच्या वसतिगृहात, इंडियन सेलर्स होममध्ये, दोन्ही महायुद्धांतल्या दर्यावर्दींची स्मारके आहेत. पहिल्यातली दोन हजारांहून अधिक नावे. दुसऱ्यातली नावे नोंदवहीत, सुमारे चारशे नौदलाची आणि सहा हजारांच्या आसपास व्यापारी बोटींवरची. समुद्राखेरीज ज्यांना थडगे नाही त्यांची ही यादी. बाहेर हातगाड्यांची आणि हमालांची एकच झुंबड. आत जाणारा मी एकटा. तात्यांचे नाव तिथे असणार नाही हे ठाऊक होते, कारण ते परत आले.

परत आले, आणि म्हणूनच विसरले गेले. 18 फेब्रुवारी 1946 ला कुलाब्याच्या 'तलवार' केंद्रात नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अपमान यांविरुद्ध संप पुकारला. त्यांत तात्याही होते. 22 तारखेला गिरण्या बंद पडल्या, परळ-लालबागचे कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला. परळला कमल दोंदे पडल्या. त्या दिवसांत शहरात दोनशेंहून अधिक माणसे मेली. वल्लभभाईंच्या सल्ल्याने 23 ला संप मिटला आणि तात्यांना घरी पाठवण्यात आले. इंग्रजांना बंडखोरांच्या पराक्रमाचे कौतुक नको होते. स्वतंत्र देशाला इंग्रजांच्या लढाईचे. दोन्ही दारे बंद झाली, आणि उरलेल्या एका फटीतून ते आम्हां पोरांना काही सांगत होते. ती फट मी बुजवली.

दुपारी घरी आलो. मुलगा दिवाळीच्या फटाक्यांची यादी करीत बसला होता. त्याला गच्चीवर नेले आणि बोटे फाकवून सूर्याकडे कसे पाहायचे ते दाखवले. त्याने विचारले, "बाबा, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

मी म्हटले, "बस इथं. सांगतो."