स्विच बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा हेडलाइटचा स्विच हलवून-दाबून धरला तरच दिवे लागतात, खड्ड्यात मिणमिणतात, कधी जळका वास येतो. आणि निदान एका वाक्यात होतं: स्विच गेला, नवा टाका. ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात मुरलेल्या माणसाला हे निदान अर्धवट वाटतं. स्विच जळलेला असतो हे खरंच आहे. पण तो कशाने जळला हे मोजल्याशिवाय नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

हिशोब साधा आहे. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब लो बीमवर मिळून ११० वॅट खातात. १२ व्होल्टला हा करंट ९ अँपियरच्या पुढे जातो. आजच्या बहुतेक गाड्यांत तो रिलेतून वाहतो, स्विच फक्त रिलेला इशारा देतो. जुन्या गाड्यांत मात्र सगळा करंट स्विचच्या पत्तीतूनच जायचा. जुन्या अँबॅसिडरमध्ये तर त्यापुढे पायाने दाबायचा डिपर, तोही फरशीवर, पावसाळ्यात चिखल-पाणी झेलणारा. आता पत्तीवर ऑक्साइड साचून फक्त ०.१ ओहमचा अडथळा आला असं धरा. ९ अँपियरला तिथे ०.९ व्होल्ट पडतो आणि सुमारे ८ वॅट उष्णता बंद डबीत कोंडते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळपास एक तृतीयांश! तापल्याने स्प्रिंग ढिली पडते, दाब कमी होतो, अडथळा वाढतो, उष्णता आणखी वाढते. त्यात कुणी ‘जास्त उजेड’ म्हणून १००/९० चे बल्ब घातले असतील, तर हाय बीमला करंट साडेसोळा अँपियरच्या वर जातो. ती गाडी स्विच टिकवूच शकत नाही.

जळका स्विच उघडून पाहिला तर हे सगळं डोळ्यांना दिसतं. पितळी पत्तीवर काळा खड्डा पडलेला असतो, टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं असतं. तारेकडेही बघावं: टर्मिनलपासून इंचभर तिचं आवरण कडक झालेलं असतं, वाकवलं की तडकतं. त्या तारेला नवा स्विच जोडणं मला मान्य नाही. तेवढा तुकडा कापून नवा लग दाबून बसवायलाच हवा. मोजमाप मात्र उघडण्याआधी. दिवे चालू ठेवून मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावावा, एक टोक स्विचच्या येणाऱ्या टर्मिनलला, दुसरं जाणाऱ्याला. ०.१-०.२ व्होल्ट दिसला तर स्विच निर्दोष आहे; अर्धा व्होल्ट दिसला तर पत्ती खराब. मग बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तेच मोजावं, कारण गंजलेल्या अर्थचा दोष सर्रास स्विचच्या माथी मारला जातो. व्होल्टेज १० टक्के घटलं तर बल्बचा उजेड जवळपास ३० टक्के घटतो. रात्रीच्या घाटात हा फरक जिवावर बेततो.

म्हणून माझा आग्रह रिलेचा आहे. बॅटरीपासून फ्यूजमधून जाड तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या टर्मिनलला, ८७ वरून दिव्याला. स्विचची जुनी तार ८६ ला आणि ८५ ला अर्थ. मग स्विचवर जेमतेम दीडशे-दोनशे मिलिअँपियर उरतो. यावर कुणी म्हणेल, स्विच स्वस्त आहे, दरवेळी बदलू. पण स्विच तापतो तेव्हा शेजारची तारही तापते, आणि अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटच्या वाटेत फ्यूजच नसे. तिथे बदलायचा खर्च स्विचपुरता राहत नाही. जुन्या गाड्या जपणाऱ्यांची हरकत मला जवळची वाटते: मूळ वायरिंगला हात लावू नये. रिलेसाठी ते कापावं लागत नाही. हेडलाइटच्या मूळ कनेक्टरलाच जोड देता येतो, रिले आडोशाला बसतो, उद्या काढला तर गाडी होती तशी. रिलेही बिघडतो, ही शंका रास्त आहे; म्हणून हाय आणि लो बीमला स्वतंत्र रिले, स्वतंत्र फ्यूज. एक गेला तरी गाडी अंधारात पडत नाही. पार्किंग किंवा केबिनच्या दिव्याच्या हलक्या स्विचला मात्र यातलं काही नको. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर आणि पत्तीचा दाब नीट करणं एवढंच काम.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर आज रात्री दहा मिनिटं हेडलाइट लावून ठेवा आणि स्विचवर बोट टेकवा. गरम लागला तर दिवे बंद करा, आणि गाडी मल्टिमीटर वापरणाऱ्या वायरमनकडेच न्या.