दात विचकणे : एक हिशेब

सांगलीहून साताऱ्याला बदली झाली तेव्हा नवे साहेब, नवे खातेदार यांची मी मनाची तयारी केली होती. माकडांची केली नव्हती. घर मिळालं ते यवतेश्वरच्या रस्त्याला. पहिल्याच रविवारी एक दांडगा गडी गच्चीच्या कठड्यावर येऊन बसला. फिकट तांबूस तोंड, डोक्यावर टोपीसारखे पिंजारलेले केस. (काळ्या तोंडाचं ते वानर, हे माकड. ऑफिसर आणि क्लार्क यांच्याइतकाच दोघांत फरक.)

पाहुणा आला म्हणून मी तोंडभर हसलो. तो शांतपणे पुढे आला आणि माझ्या हातातलं थालीपीठ बशीसकट घेऊन गेला.

शेजारचे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "चूक तुमची! माकडांत दात विचकणं म्हणजे 'साहेब, मी तुमच्या हाताखालचा.' डोळे रोखून तोंड वासणं म्हणजे दम. ओठ भरभर हलवून चपचप करणं म्हणजे सलोखा. आणि एकमेकांचे केस निवडत बसतात ना, ती नुसती सफाई नव्हे. ती माया."

सोमवारी साहेब केबिनबाहेर आले. डोळे रोखलेले, तोंड वासलेलं. आम्ही अकराच्या अकरा जण ताबडतोब हसलो! माणूस आणि प्राणी भावना कशा दाखवतात यावर डार्विनने १८७२ साली अख्खं पुस्तक लिहिलं. आमची शाखा पाहिली असती तर बिचाऱ्याची बरीच पायपीट वाचली असती.

एक खातं मात्र थकलेलं होतं. बदली घेतल्यापासून अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. "म्हातारपणी सोडून चाललास," हे त्यांचं शेवटचं वाक्य. दुसऱ्या शनिवारची सुट्टी गाठून सांगलीला गेलो. अण्णा झोपाळ्यावर होते. मी शेजारी बसलो. दोघंही गप्प. ओठ चपचप करून पाहावेत असं मनात आलं. पण समोर आई होती, तिने डॉक्टरांनाच बोलावलं असतं.

बऱ्याच वेळाने अण्णांनी हात पुढे केला. माझ्या कॉलरवरचा एक दोरा उचलला, निरखून पाहिला, टाकून दिला. मग दुसरा शोधू लागले. शर्ट इस्त्रीचा, दुसरा दोरा कुठला असणार? तरी ते शोधत राहिले.

मीही मान हलवली नाही.