झूम नेत्रिकेची पारख

सिरसाळा, मार्गशीर्षातली रात्र. रानातली थंडी गच्चीपर्यंत आलीय. दुर्बिणीला नवी ८ ते २४ मिलिमीटरची झूम नेत्रिका लावली. आरशाचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर; म्हणजे ५० ते १५० पट, एकाच नळीत. गुरूवर ती खरी खुलली. कडं फिरवत गेलो तसे पट्टे ठळक झाले. हवा थरथरली की जरा मागे यायचं. हे सुख सुट्या नेत्रिकांत नाही. कृत्तिका मात्र मावेनात. २४ वर आभासी दृश्यक्षेत्र जेमतेम ४० अंश, ८ वर साठीच्या आसपास. आकाश रुंद हवं तिथेच ही आखडते. फोकसही दर वेळी किंचित हलवावा लागतो. ग्रह-चंद्रासाठी जरूर घ्या. तारकागुच्छांसाठी साधी ३२ ची नेत्रिका जवळ असू द्या.